चकलीच्या पाकिटासाठी कोणते प्लास्टिक निवडावे?

लोकमान्य नगरातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या घरच्या घरी शेव, चिवडा आणि चकली तयार करून महिन्याला साधारण चार हजार पाकिटे विकतात. अलीकडे गिऱ्हाइके विचारू लागली आहेत की, इंदूरसारख्या स्वच्छ शहरात तुम्ही अजून चकचकीत प्लास्टिकचे पाउच का वापरता? एका विक्रेत्याने त्यांना मक्यापासून बनवलेले, ‘निसर्गात विरघळणारे’ पाउच दाखवले असून त्यांची किंमत सध्याच्या पाउचच्या जवळजवळ तिप्पट आहे. जास्त पैसे मोजायला त्या तयार आहेत. आपल्या पाकिटाने पृथ्वीचे नुकसान होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. तर हे पाउच घ्यावेत का?

ताई, आपल्या इच्छेचा मला मनापासून आदर वाटतो, म्हणूनच उत्तर स्पष्ट देतो. चकली-चिवड्यासाठी हे पाउच आपण घेऊ नयेत. त्याऐवजी सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे असलेले पाउच घ्यावेत आणि जवळच्या गिऱ्हाइकांसाठी डब्यांची अदलाबदल सुरू करावी. पीथमपूरच्या कारखान्यांत मी एकतीस वर्षे पॅकिंगच्या फिल्मचे काम केले आहे. त्या अनुभवातून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. कोणतेही बहुवारिक, म्हणजे आपल्या बोलण्यातले प्लास्टिक, चांगले की वाईट हे ते कशापासून बनले यावरून ठरत नाही. वापर संपल्यावर ते कुठे जाणार आणि तिथे त्याचे काय होणार, यावरून ते ठरते. हे समजण्यासाठी आधी आपल्या हातातले सध्याचे पाकीट नीट पाहावे लागेल.

रिकाम्या पाउचाचा एक कोपरा फाडा आणि फाटलेली कड अंगठा व तर्जनीमध्ये धरून मिनिटभर चोळा. थोड्या वेळाने कडेचे पापुद्रे सुटू लागतील. सर्वांत बाहेरचा पापुद्रा पारदर्शक आणि कुरकुरीत असतो, त्याच्या आतल्या बाजूला छपाई असते. हा बहुधा वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिप्रॉपिलीनचा ताणलेला थर असतो, ज्याला आमच्या धंद्यात बीओपीपी म्हणतात. मधला चंदेरी पापुद्रा बारा मायक्रॉनच्या पॉलिएस्टरचा असतो, म्हणजे ज्याच्यापासून पाण्याच्या बाटल्या होतात तेच पेट, फक्त त्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. ही वाफ इतकी पातळ असते की तिची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाएवढीच भरते. पाउच उलगडून प्रखर दिव्यासमोर धरलात तर दिवा अंधुक दिसेल. खऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून तो दिसला नसता. सर्वांत आतला मऊ, बोटांनी ओढल्यावर लांब होणारा पापुद्रा पॉलिथीनचा, साधारण चाळीस मायक्रॉनचा असतो आणि सील त्याच्यामुळे लागते.

यातला एकही थर शोभेसाठी घातलेला नाही. पॉलिथीन पाण्याची वाफ चांगली अडवते, पण ऑक्सिजनला बरीच वाट देते. पॉलिएस्टर ऑक्सिजन बऱ्यापैकी अडवते आणि त्यावरची धातूची वाफ ऑक्सिजन, ओल आणि प्रकाश या तिघांनाही थोपवते. ओल आत गेली की चकली सादळते, ऑक्सिजन आणि प्रकाश आत गेले की तळणीचे तेल खवटते. पाकिटाने हे काम नीट केले नाही तर आतला माल फेकावा लागतो आणि त्या मालामागचे बेसन, तेल, इंधन व श्रम यांचा भार निसर्गावर पाकिटाच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी अधिक असतो. पर्यावरणाचा विचार करताना हा हिशेब फार वेळा राहून जातो.

अडचण पाउच रिकामा झाल्यावर सुरू होते. प्लास्टिकचे पुनर्चक्रण, निदान आज आपल्या भागात होते ते, वितळवून पुन्हा दाणा पाडण्याचे असते. पॉलिथीन साधारण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास आणि पॉलिएस्टर २५० च्या वर. पॉलिथीनच्या तापमानावर यंत्र चालवले तर पॉलिएस्टरचे तुकडे न वितळता खड्यांसारखे राहतात. पॉलिएस्टरच्या तापमानावर चालवले तर पॉलिथीन करपू लागते. शिवाय वितळलेल्या अवस्थेतही ही बहुवारिके एकमेकांत मिसळत नाहीत. लांब साखळ्यांचे रेणू असल्यामुळे त्यांना मिसळून जाण्याची ओढ अगदी कमी असते, त्यामुळे तेल आणि पाण्याप्रमाणे त्यांचे वेगवेगळे थेंब होतात आणि थंड झालेला माल त्या थेंबांच्या सीमेवर तडकतो. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला सख्खी भावंडे, पण तीही एकजीव होत नाहीत.

वेगळे करायचे म्हटले तर पहिली रीत पाण्याची असते. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगतात, तर पेट बरेच जड, घनता १.३८ च्या आसपास, म्हणून ते तळाला जाते. आपल्या पाउचाच्या तीन थरांचा मी हिशेब मांडला तर सरासरी घनता जवळजवळ १ येते, म्हणजे पाण्याइतकीच. ते ना धड तरंगते, ना धड बुडते. शाई आणि डिंक किती लागले आहेत त्यावर ते कोणत्या ढिगात जाईल हे ठरते, आणि ज्या ढिगात जाईल तो ढीग ते बिघडवते. म्हणूनच कबाडी असे पाउच उचलत नाहीत. पेटच्या बाटलीला आणि दुधाच्या पिशवीला भाव आहे, या पाउचाला नाही.

आता मक्याच्या पाउचाकडे वळतो. त्यातले मुख्य बहुवारिक बहुधा पीएलए असते. मका किंवा ऊस यांच्यातील साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लाच्या रेणूंची लांब साखळी जोडून पीएलए बनते. मूळ वनस्पतीचे आहे हे खरे, पण वनस्पतीपासून बनणे आणि निसर्गात विघटन होणे या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन बनवतात. ते रासायनिकदृष्ट्या खनिज तेलाच्या पॉलिथीनसारखेच असल्याने जमिनीत तितकेच चिवटपणे टिकून राहते. उलट पीबीएटी नावाचे बहुवारिक मुख्यतः खनिज तेलापासून बनत असूनही योग्य परिस्थितीत सूक्ष्मजीव ते पचवतात. जन्म कुठला आणि शेवट कसा, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, आणि विक्रेत्याने आपल्याला फक्त पहिल्याचे उत्तर दिले आहे.

पीएलएच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तापमानावर अवलंबून आहे. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली त्याच्या साखळ्या गोठल्यासारख्या जखडलेल्या असतात. त्या तापमानाच्या आसपास त्या हलू लागतात, पाणी आत शिरून साखळ्या तोडते आणि त्या पुरेशा आखूड झाल्यावर सूक्ष्मजीव त्यांचा फडशा पाडतात. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी भारतात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यातील कसोटी सुमारे ५८ अंशांवर, ओलसर आणि हवा खेळत्या कंपोस्टात घेतली जाते आणि १८० दिवसांच्या आत त्यातील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. ही औद्योगिक कंपोस्टाची परिस्थिती आहे. परसातला खड्डा, नाला, उकिरडा किंवा कान्ह नदीचा काठ यांपैकी कुठेही ५८ अंश तापमान महिनोन्महिने टिकत नाही. मी स्वतः प्रमाणित पीएलए-मिश्रित फिल्मचा तुकडा आमच्या बागेतल्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात एका जाळीत बांधून पुरला होता. आठ महिन्यांनी काढला तेव्हा तो थोडा ठिसूळ आणि पांढुरका झाला होता, पण त्यावरची छपाई अजून वाचता येत होती.

इंदूरमध्ये कचरा वेगळा होतो, त्याचा फायदा मिळणार नाही का, असे आपण म्हणाल. आपल्या शहराने हे काम खरोखर करून दाखवले आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण वर्षानुवर्षे पहिले राहिलो, दारावर येणाऱ्या गाडीत ओला, सुका प्लास्टिक, सुका इतर, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक कचरा वेगवेगळा टाकायची सवय घराघरांत रुजली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारे बायो-सीएनजी संयंत्र सुरू झाले. पण नेमकी इथेच मक्याच्या पाउचाची पंचाईत होते. ओल्या कचऱ्यात टाकावे, तर अशा वायुनिर्मितीच्या संयंत्रांत कचरा आत घेण्याआधी पिशव्या आणि फिल्म बाजूला काढतात, कारण त्या यंत्रात गुंडाळल्या जातात. चाळणी काय किंवा कामगार काय, कंपोस्ट होणारी पन्नी आणि साधी पन्नी यांत चालत्या पट्ट्यावर फरक करू शकत नाही. सुक्या प्लास्टिकमध्ये टाकावे, तर पीएलएची घनता १.२४ च्या आसपास असल्याने ते पेटबरोबर तळाला जाते, पेटचे तुकडे वाळवताना चिकट होऊन गोळे करते आणि नंतर त्या दाण्याला धूसर व कमकुवत करते. ज्या कचऱ्यातून आज खरोखर काही परत मिळते, त्यातच ते मिसळते. चांगल्या हेतूने आणलेले पाउच शहराने कष्टाने उभ्या केलेल्या व्यवस्थेला अडथळा ठरेल, आणि मला हे मनापासून टाळावेसे वाटते.

त्यात भर म्हणजे पीएलए पाण्याची वाफ अडवण्यात फार कमी पडते. सारख्या जाडीच्या पॉलिथीनपेक्षा त्यातून कितीतरी पट अधिक ओल आत जाते. श्रावणात आपल्या चकल्या दुकानाच्या फळीवर आठवडाभरही खुसखुशीत राहणार नाहीत.

एका मालापासून मात्र आपण आवर्जून सावध राहावे. ‘ऑक्सो-विघटनशील’ नावाने साध्या पॉलिथीनमध्ये कोबाल्ट, मँगनीज किंवा लोहाचे क्षार घालून पिशव्या विकल्या जातात. त्यांत जे घडते ते आपल्याला स्वयंपाकघरातून चांगले ठाऊक आहे. तेल खवटते, म्हणजे ऑक्सिजन त्याच्या रेणूंवर साखळी-अभिक्रियेने हल्ला करतो, आणि तेलात लोखंडाचे किंवा तांब्याचे अंश उतरले तर तो हल्ला वेगाने होतो. पॉलिथीनच्या लांब साखळ्याही अशाच ऑक्सिडीकरणाने तुटतात आणि हे क्षार तोच वेग वाढवतात. पिशवी नाहीशी होत नाही, तिचा भुगा होतो. डोळ्यांना दिसणारा कचरा न दिसणारा होऊन मातीत आणि पाण्यात पसरतो, तो गोळा करण्याची शक्यताही संपते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकवर जुलै २०२१ पासून बंदी घातली. मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात असा मसाला घातलेल्या फिल्मचे रोल पाठवण्याच्या कामात होतो. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढल्यावर ते रोल यंत्रावर चढवतानाच फाटू लागले. त्या मालाला आम्ही पर्यावरणपूरक म्हटले होते, याची खंत मला आजही आहे.

मग आपण काय वापरावे? बाहेर वीस मायक्रॉनचे बीओपीपी, मध्ये वीस मायक्रॉनचे धातूची वाफ दिलेले बीओपीपी आणि आत तीस मायक्रॉनचे सीपीपी, म्हणजे न ताणलेले पॉलिप्रॉपिलीन, अशी रचना मागा. तिन्ही थर एकाच बहुवारिकाचे. धातूचा अंश नगण्य आणि शाई मर्यादित ठेवली तर हे पाउच पाण्यावर निःशंक तरंगते, पॉलिप्रॉपिलीनच्या ढिगात जाते आणि त्याचा दाणा पडतो. असेच पूर्ण पॉलिथीनचे पाउचही बनवता येते, ज्यात बाहेरचा थर यंत्राच्या दिशेने ताणून कडक केलेला असतो, पण कुरकुरीत नमकीनसाठी पॉलिप्रॉपिलीनचे पाउच मिळणे आज अधिक सोपे आहे.

या बदलात एक तडजोड आहे. धातूची वाफ दिलेले बीओपीपी ओल उत्तम अडवते, पण ऑक्सिजनच्या बाबतीत ते धातूची वाफ दिलेल्या पॉलिएस्टरपेक्षा उणे आहे. सहा महिने फळीवर राहणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या मालाला हे अवघड जाते. आपला माल दीड-दोन महिन्यांत संपतो, म्हणून आपल्याला ते परवडते. घरगुती उद्योगाला मोठ्या कारखान्यापेक्षा योग्य वस्तू निवडणे सोपे जाते, अशी ही दुर्मीळ जागा आहे आणि तिचा लाभ आपण घ्यावा.

सीलिंग यंत्राबाबत आधीच सांगून ठेवतो, कारण नवे पाउच आणल्यावर पहिल्याच दिवशी तक्रार तिथूनच येते. जुन्या पाउचात आतले पॉलिथीन लवकर वितळायचे आणि मधला पॉलिएस्टरचा थर बराच ताप सोसायचा, त्यामुळे यंत्राचे तापमान थोडे चढले तरी चालून जायचे. नव्या पाउचात आतले सीपीपी साधारण १३० ते १४० अंशांना सील धरते आणि बाहेरचे बीओपीपी १६५ च्या आसपास वितळते, ताणलेले असल्याने त्याच्या आधीच ते आकसू लागते. मधली जागा अरुंद आहे. म्हणून तापमान वाढवू नका, त्याऐवजी दाबून धरण्याचा वेळ वाढवा, पट्टीवरचे टेफ्लॉनचे कापड बदला आणि सीलच्या जागी मसाला किंवा तेल लागू देऊ नका. भरलेले पाउच पाण्याच्या बादलीत बुडवून हलके दाबा. बुडबुडे आले तर सील कच्चे आहे.

पाकिटांवर कागदी लेबल किंवा पीव्हीसीचे आवरण लावू नका. पीव्हीसीत क्लोरीन असते, ते वितळवण्याच्या यंत्रात गेले की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, लोखंड खाते आणि अख्खा घाणा पिवळा करून ठेवते. नाव थेट फिल्मवर, मोजक्या रंगांत छापून घ्या. खाद्यपदार्थाला स्पर्श करणाऱ्या थरात मात्र भंगारातून आलेला पॉलिथीनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा दाणा कितीही स्वस्त मिळाला तरी वापरू देऊ नका, कारण त्याआधी त्यात काय भरले होते हे कुणीच सांगू शकत नाही. कागदात बांधून देण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. वर्तमानपत्राच्या रद्दीत तेलकट पदार्थ मुळीच देऊ नयेत, शाईतील घटक तेलात उतरतात.

पुनर्चक्रणाची मर्यादाही आपल्याला ठाऊक असायला हवी. प्रत्येक वेळी वितळवताना पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या थोड्या तुटतात, वितळलेला माल अधिक पातळ होतो आणि ताकद घटते. त्यामुळे आपल्या पाउचाचे पुन्हा पाउच होणार नाही, बादली, कुंडी किंवा पेटी होईल. जगात १९५० ते २०१५ या काळात सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातील जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रित झाला, असा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला शास्त्रीय अंदाज आहे. म्हणून वापर कमी करण्याचे मोल सर्वांत अधिक. अडीचशे ग्रॅमच्या दोन पाकिटांऐवजी अर्ध्या किलोचे एक दिले तर सुमारे एक पंचमांश फिल्म वाचते. पाकिटात वरची मोकळी जागा दोन सेंटिमीटर कमी केली तर पंचवीस सेंटिमीटरच्या पाउचात आठ टक्के. आणि लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या आपल्या हाकेच्या अंतरावरच्या घरांसाठी स्टीलचे डबे ठेवा, भरलेला डबा द्या, रिकामा परत घ्या, डब्याची अनामत रक्कम घ्या. आपल्या आयांनी दिवाळीचा फराळ शेजारी असाच पाठवला, आणि त्या डब्यात ओल शिरत नाही.

कंपोस्ट होणारी बहुवारिके मला नकोशी नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे. ओल्या कचऱ्याबरोबर ज्यांचा शेवट निश्चित औद्योगिक कंपोस्टात होतो, अशा पिशव्यांसाठी ती योग्य आहेत. त्याहून महत्त्वाची जागा मी शेतात पाहतो. माळव्यात मिरची आणि टरबूज घेणारे शेतकरी वाफ्यांवर पंचवीस-तीस मायक्रॉनचे काळे पॉलिथीन अंथरतात. हंगाम संपल्यावर ते काळ्या मातीतून अखंड निघतच नाही, चिंध्या जमिनीत राहतात आणि पुढच्या नांगरटीत आणखी बारीक होतात. तिथे वस्तू गोळा करणे अशक्यच आहे, म्हणून तिथे जमिनीच्या तापमानाला विघटन होणारी पीबीएटी-स्टार्चची फिल्मच योग्य ठरते. युरोपात अशा आच्छादनासाठी २०१८ पासून ईएन १७०३३ हे स्वतंत्र मानक आहे. ५८ अंशांच्या कंपोस्टाचे प्रमाणपत्र तिथे पुरेसे नसते.

निर्णयाआधी आपण एक चाचणी करावी. एकाच घाण्यातील चकल्या तीन प्रकारच्या पाउचांत, प्रत्येकी दहा-दहा, भरा: सध्याचे, पूर्ण पॉलिप्रॉपिलीनचे आणि विक्रेत्याचे मक्याचे. पाऊस सुरू झाल्यावर ती सगळी खिडकीजवळच्या फळीवर ठेवा. दर आठवड्याला प्रत्येक प्रकारातले एक उघडा, आधी वास घ्या, मग चकली मोडून आवाज ऐका आणि तारीख घालून वहीत नोंदवा. पॉलिप्रॉपिलीनचे पाउच आठव्या आठवड्यात खवट वासाशिवाय टिकले, तर पहिली मागणी एक महिन्याच्या गरजेइतकीच द्या आणि सीलिंगची पट्टी जुळल्यावर पुढची द्या.